लेखाखालची ओळ

ती दुकानात शिरली तेव्हा तिच्या एका हातात चष्म्याची काडी होती आणि दुसऱ्या हातात उरलेला चष्मा. धडगावहून आलेल्या जीपमधून उतरताना कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला होता आणि स्क्रू कुठेतरी पडला होता. कापूस विक्रीचे दिवस होते. शहाद्याच्या स्टँडसमोरून भरलेले ट्रॅक्टर जात होते आणि हवेत कापसाचे बारीक पुंजके तरंगत होते. त्यातला एक तिच्या ओढणीला चिकटला होता. तिला तो दिसणं शक्य नव्हतं. तिला समोरचा माणूससुद्धा नीट दिसत नव्हता.

"चष्म्याचं दुकान हेच ना?" तिने विचारलं.

"हेच. पण तुम्ही आरशाशी बोलताय. मी इकडे आहे," परवेज म्हणाला.

ती हसली नाही. आवाजाच्या दिशेला वळली आणि चष्मा पुढे केला. परवेजने तो घेतला, काचा पुसल्या, डबीतून बारीक स्क्रू शोधला. रोजचं काम होतं, डोळे मिटून करता आलं असतं. पण त्या दिवशी त्याचा हात सावकाश चालला.

"भिंतीवर निळं निळं काय आहे ते?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

"बोर्ड आहे. वाचून दाखवू?"

"दाखवा."

परवेजने घसा साफ केला. "मोबाइलच्या घातक किरणांपासून डोळे वाचवा. निळ्या काचेचा चष्मा. आजच घ्या."

"घातक आहेत हे कुणी ठरवलं?"

"कंपनीचा माणूस सांगून गेला."

"त्याला कुणी सांगितलं?"

"त्याच्या साहेबाने सांगितलं असेल."

"आणि साहेबाला?"

"मॅडम, स्क्रू बसवू की साहेबाला फोन लावू?"

आता मात्र ती हसली. थोडंसंच... ओठाच्या एका कोपऱ्यात. परवेजने चष्मा दिला. तिने तो डोळ्यांवर चढवला. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"आता नीट दिसतंय?"

"दिसतंय," ती म्हणाली. "बोर्ड चुकीचा आहे."

स्क्रूचे पैसे परवेजला नको होते. एवढ्याशा कामाचे कोण घेतं? पण ती हटून बसली. पैसे काउंटरवर ठेवले आणि वर त्याच्याकडे सरकवले.

"निदान चहा तरी घ्या," तो म्हणाला. "धुळीतून आलात."

"चहा तर मुळीच नाही. मला चालत नाही."

"डॉक्टरने बंद केलाय?"

"नियमाने बंद केलाय. मी 'नीट बघा'ची संपादक आहे."

परवेजला वाटलं एखादं साप्ताहिक असेल. मग तिने सांगितलं. स्टँडच्या मागच्या बाजूला धर्मादाय नेत्र रुग्णालय होतं ना, त्यांची डोळ्यांविषयी माहिती देणारी वेबसाइट. सोप्या मराठीत, कुणालाही मोबाइलवर वाचता येईल अशी. तिथे काम करणाऱ्याने चष्मा विकणाऱ्याकडून, औषध विकणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. भेट नाही, सवलत नाही, काहीच नाही.

"एका चहाने काय होणार आहे?"

"सगळं चहापासूनच सुरू होतं," ती म्हणाली आणि उठली. बाहेर दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव होतं. ते वाचत ती म्हणाली, "बरंय, परवेजभाई."

ते 'भाई' परवेजला जरा लागलं. गल्लीत सगळ्याच पोरी त्याला भाई म्हणायच्या, तेव्हा काही वाटत नव्हतं. ती रस्ता ओलांडून गेली तरी कापसाचा पुंजका ओढणीवर तसाच होता. सांगायचं राहून गेलं, की सांगायचं नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. परवेजने मोबाइलवर 'नीट बघा' उघडलं. चूक काढायची म्हणूनच उघडलं होतं. मोतीबिंदू, काचबिंदू, लहान मुलांचा तिरळेपणा, डोळे येणं... लेख छोटे होते. एकही जाहिरात नव्हती. प्रत्येक लेखाच्या खाली मात्र बरंच काही लिहिलेलं होतं. कुणी लिहिला, कुठल्या डॉक्टरने तपासला, कधी तपासला, माहिती कुठून घेतली. एका लेखाखाली तर चक्क लिहिलं होतं, की आधी आम्ही थेंबांविषयी अमुक लिहिलं होतं, ते चुकलं होतं, आता दुरुस्त केलंय. आपली चूक माणूस झाकतो. हे लोक ती मांडून ठेवत होते. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ – 'हितसंबंध: काही नाही. संपादक: कहकशाँ.'

कहकशाँ. त्याने ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग दुकानात कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी चष्मा शाबूत होता आणि हातात कागद होते.

"परवेजभाई, तुमचा बाक मला हवाय."

"विकत?"

"बसायला. पण तुमची हरकत असेल तर—"

"बाकाचं भाडं घेतलं तर चालेल ना तुमच्या नियमात?"

"भाडं दिलेलं चालेल. फुकट बसलेलं चालणार नाही."

मग असं ठरलं, की ती दुकानाचा केरकचरा काढून देईल. परवेजला ते अजिबात पसंत नव्हतं, पण तिने झाडू उचललासुद्धा.

बाक तिला का हवा होता, तर त्यांच्याकडे एक पद्धत होती. डॉक्टरांनी तपासलेला लेखही लगेच लोकांसमोर जात नसे. आधी तो कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग म्हणायचं – आता तुम्ही मला सांगा, काय समजलं. त्याला त्या लोकांनी नावच दिलं होतं, 'परत सांगा'. ऐकणाऱ्याला परत सांगता आलं नाही तर चूक लिहिणाऱ्याची. रुग्णालयात पेशंट घाबरलेले असायचे, नुसती मान हलवायचे. परवेजच्या बाकावर मात्र धडगावच्या जीपची वाट बघणारी माणसं बसलेली असत. त्यांना वेळच वेळ होता आणि ती कुणाला घाबरत नव्हती.

त्या दिवशी बाकावर तुळशीबाई होती. धडगावच्या वर, डोंगरातल्या पाड्यावरची. एका डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कहकशाँ तिच्या शेजारी बसली आणि 'ऑपरेशननंतर घ्यायची काळजी' वाचायला लागली. तिचा आवाज वेगळाच होता वाचताना. शिकवल्यासारखा नाही, घरातल्या माणसाला निरोप सांगावा तसा. परवेज काच घासत होता. घासलेलीच काच पुन्हा घासत होता.

"आता तुम्ही सांगा मावशी, काय समजलं?"

तुळशीबाईने सगळं सांगितलं. थेंब कसे टाकायचे, काळा चष्मा कधी लावायचा, वाकून जड काही उचलायचं नाही. आणि मग ती थांबली.

"डोळामा पाणी नही जावाले पाहिजे, बराबर?"

"बरोबर."

"मंग मी ऑपरेशन नही करस. पुढे देखसूत."

"का मावशी?"

"मन्ही पोरनं लगीन शे ना त्याच महिनामा. पोर जाई तव्हय मी रडाव नही का? सगळा लोक काय म्हनतीन?" तुळशीबाई जरा थांबली. "आन लोक काही ना म्हनू देत. माले रडू येईच."

कहकशाँने हातातल्या कागदाकडे पाहिलं. 'डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका' एवढंच लिहिलेलं होतं. तेवढ्या एका वाक्यापायी ही बाई डोळा तसाच घेऊन डोंगरावर परत निघाली होती. तिने तिथूनच डॉक्टर मयूरींना फोन लावला. रुग्णालयाच्या त्या मोठ्या डॉक्टर, लेख त्याच तपासायच्या. पलीकडून त्या काय बोलल्या ते परवेजला ऐकू आलं नाही. पण कहकशाँ लिहीत गेली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेली, "नळाचं, विहिरीचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. रडू आलं तर रडा. त्याने काही बिघडत नाही. डोळे मात्र चोळू नका. गालावर आलेलं पाणी स्वच्छ कापडाने टिपा."

"आता सांगा मावशी."

"रडानं. चोळानं नही," तुळशीबाई म्हणाली. "मंग करस ऑपरेशन."

परवेज बघत राहिला. स्वतःची चूक सापडल्यावर एवढं खुललेलं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं. दुकानात लोक चुकीचा नंबर निघाला तर आधी मशीनला, मग त्याला शिव्या द्यायचे. ही मात्र कागद छातीशी धरून उभी होती आणि चष्म्याआडचे तिचे डोळे हसत होते... तिथेच काहीतरी झालं. काय झालं, ते परत सांग म्हटलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

जीप आली. तुळशीबाई उठता उठता परवेजच्या कानाशी वाकली. "तुन्ही कोन शे ही?"

"कोणी नाही मावशी."

"बरं," तुळशीबाई म्हणाली. पण तिच्या त्या 'बरं'ला ते पटलेलं नव्हतं.

मग बाजाराच्या दिवसाची परवेज वाट पाहू लागला. ती यायची, केर काढायची, बाकावर बसायची. कुणी नसलं तर परवेजलाच ऐकवायची. तो मुद्दाम चुकीचं सांगायचा, म्हणजे तिला पुन्हा वाचावं लागायचं.

"तुम्हाला तिसऱ्यांदाही समजलं नाही?"

"लेखातच खोट असणार. नियम आहे ना तुमचा, चूक लिहिणाऱ्याची?"

"हा नियम प्रामाणिक माणसांसाठी आहे, परवेजभाई."

"ते भाई काढून टाका ना."

"मग काय म्हणू?"

"काहीही."

तिने विचार केल्यासारखं केलं. "दुकानदार."

तेव्हापासून ती त्याला दुकानदार म्हणायची. चहाच्या वेळी बाहेर जायची, रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीपाशी उभी राहून स्वतःच्या पैशाने चहा घ्यायची. परवेज आपला ग्लास घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचा. मधून रस्ता वाहत असायचा – उसाच्या ट्रॉल्या, केळीचे ट्रक, शिरपूरची एस.टी. ती पलीकडे, तो अलीकडे. ट्रक गेला की ती दिसायची. ती तिकडून ग्लास जरासा वर उचलायची, तोही उचलायचा.

परवेजची आई, रजियाबी, दुपारी डबा घेऊन यायची. तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "ही पोरगी वाचायला इथेच कशी येते? हिच्या घरी उजेड नाही का?" ती मोठ्याने विचारायची, कहकशाँला ऐकू जाईल अशा बेताने.

एकदा कहकशाँने तिलाच सुरम्यावरचा लेख वाचून दाखवला. सुरम्यात शिसं असू शकतं, ते शरीरात जातं, लहान मुलांना तर घालूच नये. रजियाबीने शेवटपर्यंत ऐकलं. मग सगळं परत सांगितलं, एक शब्द न चुकता.

"अम्मी, सगळं बरोबर समजलंय तुम्हाला."

"समजलंय," रजियाबी म्हणाली. "ऐकणार नाही."

पण पुढच्या शुक्रवारी घरातली सुरमादाणी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आणि पुन्हा खाली आली नाही.

आणि मग निळी काच मध्ये आली.

"पुढचा लेख त्याच्यावर आहे," कहकशाँने भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं.

परवेजचा हात थांबला. नुकताच त्याने त्या काचांचा मोठा माल भरला होता. फळी निळ्या डब्यांनी भरली होती. "काय लिहिणार?"

"जे सापडलं तेच. त्या काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असा पुरावा मिळत नाही. मोबाइलच्या उजेडाने डोळे खराब होतात असाही मिळत नाही. अधूनमधून लांब बघा, पापण्या मिटा, एवढंच लिहायचंय."

"थोडं थांबता येईल का?" परवेजच्या तोंडून निघून गेलं. "जास्त नाही... ईदपर्यंत. तेवढा माल निघून जाईल."

कहकशाँने कागद घडी करून पिशवीत ठेवले. घाई न करता. मग उठली.

"हे तुम्ही मला विचारायला नको होतं."

"रागावलात?"

"नाही," ती म्हणाली. दारापाशी थांबली. "तुम्ही विचारलंत आणि क्षणभर... मला वाटलं, थांबावं. तेच वाईट झालं."

ती गेली. पुढच्या बाजाराला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाकावर माणसं बसत होती, जीप येत होती, जात होती. दुकानात केर साचला. रजियाबीने डबा ठेवला आणि बाकाकडे पाहून म्हणाली, "सगळं वाचून संपलं वाटतं तिचं." तिने वाढलेली भाकरी अर्धी तशीच राहिली.

त्याला मालाची चिंता राहिली नव्हती. त्याला वाटत होतं ते एवढंच – ज्या बाईने त्याच्याकडून कधी घोटभर चहा घेतला नाही, तिच्याकडे आपण काय मागून बसलो.

त्याने स्टूल घेतलं आणि बोर्ड उतरवला. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला होता.

दुपारी ओळखीतले एक काका आले. "परवेज, तो निळा चष्मा दे रे. मन्हा पोऱ्या दिनभर मोबाइल देखस."

"काका, त्याले चष्मा नको. त्याले भायेर खेळाले धाडा."

"तूच तर सांगे ना मांगला महिनामा?"

"मांगला महिनामा माले माहीत नव्हतं."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. दुकानदार विकायला नाही म्हणतो, हे त्यांच्या हिशेबात बसेना. परवेजने मात्र बोर्ड बगलेत मारला, शटर अर्धं ओढलं आणि तो स्टँडच्या मागे रुग्णालयाकडे निघाला.

डॉक्टर मयूरींच्या खोलीचं दार उघडं होतं. कहकशाँ कॉम्प्युटरसमोर बसली होती. परवेजला आणि त्याच्या बगलेतल्या बोर्डाला पाहून तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डॉक्टर, मी चष्मेवाला परवेज," तो म्हणाला. "एवढंच सांगायला आलो, की बोर्ड काढलाय. लेख उद्याच टाका. माझ्यामुळे थांबला असेल तर..."

"तुमच्यामुळेच थांबलाय," डॉक्टर मयूरी म्हणाल्या. "पण माल संपायची वाट बघत नाही कुणी. संपादक बदलावा लागला. कहकशाँने तो लेख सोडला."

"का?"

"तिलाच विचारा. मलासुद्धा अर्धंच सांगितलंय."

परवेजने तिच्याकडे पाहिलं. तिची नजर टेबलावर होती.

"नियम आहे," ती म्हणाली. "ज्याच्या धंद्याबद्दल लेख आहे, त्याच्याशी आपलं काही असेल... तर लेख हातात घ्यायचा नाही."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"आपलं काही आहे?" परवेजने विचारलं.

"लेख तर सोडला मी."

"कहकशाँ, 'काही' असं चालणार नाही," डॉक्टर मयूरी म्हणाल्या. चेहरा अगदी गंभीर होता त्यांचा. "वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. नेमकं काय ते लिहावं लागतं. व्यवहार आहे?"

"नाही. चहासुद्धा घेतलेला नाही."

"मैत्री?"

कहकशाँने मान अर्धी हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

"मग नातं आहे का?"

आता तिने वर पाहिलं. डॉक्टरांकडे नाही – परवेजकडे. पहिल्या दिवशी चष्मा चढवल्यावर पाहिलं होतं तसंच, नीट.

"अजून नाही," ती म्हणाली.

परवेजच्या बगलेतून बोर्ड खाली पडला. डॉक्टर मयूरींना एकदम वॉर्डात काहीतरी काम आठवलं.

लेख आला. तो दुसऱ्याच कुणी लिहिला आणि तपासला होता. खाली ओळ होती – 'संपादक कहकशाँ यांचा शहाद्यातील एका चष्मा विक्रेत्याशी विवाह होण्याची शक्यता आहे. त्यामुळे या लेखात त्यांचा सहभाग नाही.' शहाद्यात लेख कितीजणांनी वाचला कोण जाणे, पण ती ओळ सगळ्यांनी वाचली. परवेजच्या दुकानात लोक चष्मा न घेताच येऊन जाऊ लागले.

बातमी घाट चढून धडगावलाही गेली. कहकशाँने घरी सांगितलं होतंच. पण तिचे वडील कय्युमचाचा शिवणकाम करणारे, माप स्वतः घेतल्याशिवाय कापड न कापणारे. एके दिवशी ते जीपने खाली उतरले, दुकानात आले आणि आपण कोण हे न सांगता काउंटरवर हात ठेवून उभे राहिले.

"सुईत दोरा ओवायला दिसत नाही. चांगल्यातला चष्मा दाखव. तो निळ्या काचेचा म्हणतात, तो दे."

"चाचा, तो तुम्हाला कशाला? साधी काच पुरेल."

"महाग असेल म्हणून सांगतोस का? पैसे आहेत माझ्याकडे."

"तसं नाही चाचा. त्याचा उपयोग नाही. मीच आधी विकत होतो. आता नाही विकत."

"का रे? कुणी बंद केलं?"

परवेज जरा घुटमळला. "एकीने विचारलं, हे कुणी सांगितलं म्हणून. मला उत्तर देता आलं नाही."

कय्युमचाचांनी साधा चष्मा घेतला. खिशातून सुई-दोरा काढला, दुकानातच ओवून पाहिला. दोरा पहिल्याच खेपेला गेला. मग त्यांनी परवेजच्या खांद्यावरून, पाठीवरून नजर फिरवली. "शेरवानीचं माप उद्या देऊन जा," ते म्हणाले. "मी कहकशाँचा बाप."

निकाहनंतर कहकशाँ पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा परवेजने गाडीवाल्याला हाक मारून आपल्या चवीचे दोन चहा मागवले. तिने ग्लास घेतला, फुंकर घातली, घोट घेतला.

"कसा आहे?"

"एवढे दिवस सोडला तेच बरं केलं," ती म्हणाली. "साखर फार आहे, दुकानदार." पण ग्लास तिने संपवला. रुग्णालयात गेल्या गेल्या तिने ओळही बदलली. 'संपादक कहकशाँ यांचे पती शहादा येथे चष्म्याचं दुकान चालवतात. चष्म्यांविषयीचे लेख त्या तपासत नाहीत.' तिच्या नावाच्या पानावर ती ओळ बसली आणि तिथेच राहिली.

वर्षं बरी गेली. खरं म्हणजे फार चांगली गेली. ती बाकावर बसून वाचायची, तो ऐकून परत सांगायचा. घरी कधी वाद झाला तर तीच म्हणायची, "मी काय बोलले ते परत सांग." सांगता सांगता त्याचा राग उतरायचा, कारण तिने तसं काही बोललेलंच नसायचं. कधी चुकलेली तीच असायची, आणि मग ती तशीच हसायची... तुळशीबाईच्या दिवशी हसली होती तशी.

ती गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. आजार लवकर पुढे सरकला. डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते तिने परवेजला बसवून पुन्हा सांगायला लावलं. सगळं. शेवटचंसुद्धा. म्हणून त्याच्या मनात नंतर कुठला प्रश्न अडकून राहिला नाही. तेही तिचेच उपकार.

परवा डॉक्टर मयूरी दुकानात आल्या. केस पांढरे झालेत त्यांचे. बाकावर बसल्या, परवेजने पुढे केलेला चहा नियमाप्रमाणे घेतला नाही.

"परवेजभाई, सोनम म्हणून नवी मुलगी घेतलीय संपादक. जुनी पानं ती तपासतेय. कहकशाँचं पान तसंच ठेवणार आहोत, तिने केलेलं काम आहे ते. फक्त ती एक ओळ..." त्या थांबल्या. "आमचा नियम असा आहे, की हितसंबंध संपला की ती ओळ काढतो. तिनेच लिहिलेला नियम. तुम्हाला न विचारता काढावंसं वाटलं नाही."

परवेजने समोर पाहिलं. बोर्डाचा तो चौकोन भिंतीवर अजून ओळखू येत होता. मध्ये दोनदा रंग दिला, तरी.

"संपला की काढायची?"

"हो."

"मग राहू द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "संपलेला नाही."

डॉक्टर मयूरींनी त्याच्याकडे पाहिलं. नियमाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत, हे सगळ्या शहाद्याला माहीत आहे. "खरं तेच लिहायचं असतं आपल्याला," त्या सावकाश म्हणाल्या. "राहू देते." मग म्हणाल्या, "तो चहा द्या आता."

त्या गेल्यावर थोड्या वेळाने धडगावची जीप आली आणि एक म्हातारी काठी टेकत बाकावर येऊन बसली. परवेजने आधी ओळखलं नाही. तिने मात्र लगेच ओळखलं. तुळशीबाई होती. पहिला डोळा अजून छान चालत होता, आता दुसऱ्याची तारीख मिळाली होती.

"ती वाचनारी बाई कोठे शे?" तिने विचारलं.

परवेजने सांगितलं. तुळशीबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "मंग तू वाच."

परवेजने मोबाइल काढला, तो लेख उघडला आणि वाचायला लागला. थेंब कसे टाकायचे. काळा चष्मा कधी लावायचा. वाकून जड उचलायचं नाही. आवाज बरा चालला होता. 'नळाचं, विहिरीचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका,' इथपर्यंत आला... आणि पुढची ओळ त्याला दिसेना. त्याने चष्मा वर सरकवला आणि मनगटाने डोळे पुसायला गेला.

तुळशीबाईने त्याचं मनगट धरलं. पदराचं स्वच्छ टोक शोधलं आणि त्याच्या हातात दिलं.

"रडानं," ती म्हणाली. "चोळानं नही."

बाहेर कापसाचा ट्रॅक्टर चालला होता. परवेजने गालावरचं पाणी टिपलं. पांढरे पुंजके दारातून आत येत होते. ज्या कुणाच्या कोपराने पहिल्या दिवशी कहकशाँच्या चष्म्याचा तो स्क्रू पाडला, त्या माणसाला तो कधी भेटला नव्हता. भेटला असता तर बसवून चहा पाजला असता.

"बरोबर, मावशी," तो म्हणाला. "अगदी बरोबर समजलंय तुम्हाला."